ए विंग, १०१

वाकडमध्ये फ्लॅट नंबर १०१ किती असतील? दत्त मंदिर रोडपासून कस्पटे वस्तीपर्यंत सोसायट्याच सोसायट्या, आणि बहुतेकींत एक ए विंग, तिच्यात एक १०१. तरी घोटाळा होत नाही. गेटच्या आत तो आकडा पुरतो, गेटबाहेर त्याला कोणी विचारत नाही. नेटवर्कमधल्या मशीनच्या पत्त्यांचंही तसंच. १९९६च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते असेच खासगी वापराला राखून ठेवले. त्यामुळे भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतले राउटर बिनदिक्कत १९२.१६८.१.१ म्हणवून घेतात.

पण आकडे कोणाच्या लक्षात राहतात? म्हणून रोज भूमकर चौकाच्या गर्दीतून हिंजवडी गाठणारी मंडळी सर्व्हरना नावं ठेवतात. (दोन्ही अर्थांनी.) डेटाबेस ‘राजगड’, बॅकअप ‘तोरणा’. आता राजगडाला तोरण्याकडे काम निघालं, तर तोरणा राहतो कुठे हे त्याला कोणी सांगायचं?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे होस्ट्स फाइल. आधी आकडा, पुढे नाव, संपलं. दोन-तीन मशीन असेपर्यंत मजेत चालतं. दहा झाली की दहा फायली, आणि अकरावं आलं की सगळीकडे पुन्हा लिहिणं. एखादी फाइल राहतेच. ज्यानं जुनी ओळ लिहिली तो एव्हाना बंगळुरूला गेलेला असतो, ओळ मात्र जागची हलत नाही. लिनक्स सहसा आधी ही फाइल बघतं, मग डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारतं. त्यामुळे शिळी ओळच जिंकते. वर एनएसलुकअप फाइलकडे ढुंकूनही न पाहता थेट डीएनएसला विचारतं. म्हणून एकजण म्हणतो ‘पिंग जातंय’, दुसरा म्हणतो ‘असं नावच नाही’, आणि दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी ‘गेटएंट होस्ट्स’ चालवावं. मशीन स्वतः काय समजून बसलंय ते तेच सांगतं.

यात लाजण्यासारखं काही नाही. अख्खं अर्पानेट एके काळी अशाच एका फायलीवर चालायचं. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची माणसं सांभाळत. नवं मशीन आलं की त्यांना कळवायचं आणि बाकीच्यांनी ताजी प्रत उतरवून घ्यायची. यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं.

तेव्हा चार मशीनच्या वर गेलात की एका मशीनवर डीएनएसमास्क बसवा. ते स्वतःची होस्ट्स फाइल वाचून सगळ्यांना उत्तर देतं; बाकीच्यांना फक्त त्याचा पत्ता द्यायचा. गडांची नावं खुशाल ठेवा, पण मागे ‘डॉट लोकल’ लावू नका, ते मल्टिकास्ट डीएनएसनं आधीच घेतलंय. आयकॅननं २०२४ साली ‘डॉट इंटर्नल’ खास यासाठीच मोकळं ठेवलंय, ते लावा.