चुंबकाची जागा

काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून उपनगरातली गोरी मुलं शहराकडे ओढण्यासाठी चुंबकशाळा, म्हणजे खास आकर्षणांची मॅग्नेट स्कूल, नेमकी कुठे उघडावी यावर इतर शहरं वर्षानुवर्षं डोकेफोड करतात. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत न्यायालयाने १९८६मध्ये हा घोळच मिटवला: सगळी हायस्कुलं, सगळी मिडल स्कुलं आणि जवळपास निम्म्या प्राथमिक शाळा चुंबक! जागेवरून तंटा नको, कुणाचा रुसवा नको. खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला, पण त्यात २५ एकरांचं शेत आलं आणि शेतावर १०४ माणसांची वातानुकूलित सभाखोली. नांगरणीची चर्चा गारव्यातच शोभते.

कुणी शंकासुर विचारेल, सगळंच चुंबक झालं तर लोखंड कुठलं? शंका बाळबोध आहे. उरलेल्या प्राथमिक शाळा, बसथांबे, कचराकुंड्याही चुंबक कराव्यात. मुलं नाही आली, तर शहरच सरकत जाऊन उपनगराला चिकटेल. एकत्रीकरण झाल्याशी मतलब. पण १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की उपनगरातली मुलं ओढून आणणं १९८६च्या त्या खालच्या न्यायालयाच्या अधिकारातच नव्हतं. २००० साली या शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टची राज्यमान्यता गेली.