उत्तरेकडे उशी नको

परवा कारणेकाकांनी आमच्या घरी येऊन माझा पलंग फिरवला. चहाला बोलावलं होतं. कप हातात घेऊन ते खोलीच्या दारात उभे राहिले, मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की डॉक्टरसुद्धा एक्स-रे पाहून इतका दचकत नाही. "उत्तरेकडे डोकं करून झोपतोस? आणि वर म्हणतोस सकाळी अंग जड वाटतं!" पलंग सागवानी आहे. ढकलल्यानंतर अंग जास्तच जड झालं.

काकांना तुम्ही ओळखता. आडनाव अर्थात कारणे नाही. ती आमच्या सोसायटीने दिलेली पदवी. कुठलीही रूढी काढा, काकांकडे तिचं शास्त्रीय कारण तयार. दाराला लिंबू-मिरची का? तर सुतातून 'क' जीवनसत्त्व हवेत पसरतं. पिंपळाला प्रदक्षिणा का? तर तो रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतो. "काका, उजेड नसताना कुठलं झाड प्राणवायू सोडेल?" असं एकदा कुणी म्हणालं. काकांनी त्याची कीव केली. "पिंपळ म्हणजे काय कुठलंही झाड आहे का?"

साधी माणसं 'आमच्यात असंच करतात' म्हणून मोकळी होतात. काकांना ते शोभत नाही, कारण काका अंधश्रद्ध नाहीत. हे तेच सांगतात. त्यांचे पणजोबा आगरकरांच्या 'सुधारक'चे वर्गणीदार होते, त्यामुळे विवेकवाद त्यांच्या घरात परंपरेने आलेला आहे. ज्या आगरकरांची पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, त्यांचा फोटो काकांच्या दिवाणखान्यात आहे. कुठल्या भिंतीवर? दक्षिणेच्या. दिवंगतांचे फोटो वास्तुशास्त्राप्रमाणे तिथेच लावतात.

२१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध पिऊ लागला, तेव्हाही काका रांगेत होते. "निरीक्षणासाठी." परत आल्यावर जिन्यात उभं राहून त्यांनी सगळ्यांना पृष्ठताण आणि केशाकर्षण समजावून सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं. शास्त्रज्ञांनीही पुढे तेच सांगितलं. मग वाटीत उरलेलं दूध काकांनी डोळे मिटून प्राशन केलं आणि वाटी डोक्याला लावली. संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा असं नासाने मान्य केलंय, हेही त्यांना ठाऊक आहे. रिक ब्रिग्ज नावाच्या एका संशोधकाने १९८५ साली एका नियतकालिकात संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर एक लेख लिहिला होता, एवढाच त्याचा उगम. एका माणसाचा लेख काकांपर्यंत पोचेस्तोवर त्याची अख्खी नासा झाली.

पण हे सगळं किरकोळ. काकांचा खरा संसार उत्तर दिशेशी.

उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नाही, हा त्यांच्या घरातला नियम. त्यांच्या आजीला विचारलं तर ती म्हणायची, दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे पाय माणूस गेल्यावरच करतात. विषय संपला. वडील शाळामास्तर, त्यांना यम सांगायची लाज वाटली, म्हणून त्यांनी पचन बिघडतं असं सांगितलं. काका इंजिनिअर झाले आणि चुंबकत्व आलं. रक्तात लोह, पृथ्वी हा प्रचंड चुंबक, उत्तरेकडे डोकं केलं की सगळं रक्त मेंदूकडे ओढलं जातं. नियम त्या घरात पागडीने बसलेल्या म्हाताऱ्यासारखा पक्का; कारणंच तेवढी दर पिढीला जागा सोडून जातात.

एकदा मी आणि काका मडगावला गेलो. काकांना साइड लोअर मिळाला. सरळ बर्थवर माणूस रुळांना आडवा झोपतो, गाडी दक्षिणेला चालली असेल तर डोकं पूर्वेला किंवा पश्चिमेला, दोन्ही चालतं. साइड बर्थवर मात्र उत्तर नाहीतर दक्षिण. काका म्हणाले, सोपं आहे, गाडी दक्षिणेला चाललीय, इंजिनाकडे डोकं. झोपले. पण कोकण रेल्वे सरळ जाते थोडीच? रोह्यानंतर केव्हातरी मला जाग आली. काका उठून बसलेले, अंगठ्याने होकायंत्र फिरवताहेत. गाडीने वळण घेतलं होतं. उशी इकडून तिकडे गेली. पुन्हा वळण, पुन्हा उशी. पोलादी डब्यात होकायंत्र काय दाखवणार? कधी उत्तर शौचालयाकडे, कधी पॅन्ट्रीकडे. करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात त्यांनी गाडीच्या दिशेवरच भरवसा ठेवला. पहाटे टीसी आला तेव्हा काका उशी छातीशी धरून बसले होते. "झोप नाही लागली?" त्याने विचारलं. "उत्तर सापडत नाही," काका म्हणाले. टीसीने सहानुभूतीने मान हलवली. त्याला वाटलं, म्हातारा अध्यात्मात आहे.

मग त्यांच्या मणक्यातली गादी सरकली आणि एमआरआय काढायची वेळ आली. मी सोबत होतो. आत जाण्यापूर्वी त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं, "मशीनमध्ये डोकं कुठल्या दिशेला येतं?" तो म्हणाला, "आतल्या." दीड टेस्लाचं यंत्र. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ३० हजार पटींहून जास्त. काका अर्धा तास त्यात पडून राहिले आणि रक्त जिथल्या तिथे घेऊन बाहेर आले. माणसाच्या अंगात लोह असतं तीन-चार ग्रॅम, बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं, चुंबकाकडे धावत सुटणारं नव्हेच. मी रिक्षात हे हळूच काढलं. काका बाहेर पाहत म्हणाले, "ते कृत्रिम चुंबकत्व. त्याचा परिणाम होत नाही."

आता राग कशाचा येतो, ते सांगतो. हा माणूस पाटबंधारे खात्यात उपअभियंता होता. मोजमाप वहीत नोंद नसेल, तर ठेकेदाराचं बिल त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. काँक्रीटचे ठोकळे २८ दिवस पाण्यात ठेवायचे, मग यंत्राखाली फोडायचे, आकडा आला तर सही. मंत्र्याचा फोन आला तरी ठोकळा सत्ताविसाव्या दिवशी फोडला नाही. त्यापायी दोन बदल्या झाल्या. सिमेंटवर एवढा संशय घेणारा माणूस घरी आला, की सकाळी मोबाइलवर आलेली कुठलीही गोष्ट न मोजता पास. ठेकेदार अनोळखी असायचा, या गोष्टी सांगणारी माणसं घरची, एवढाच फरक.

काकांची नात आठवीत आहे. तिला ठोकळ्याची गोष्ट काकांनीच शंभरदा सांगितलेली. तिने एक दिवस विचारलं, "आजोबा, उत्तरेची क्यूब टेस्ट केली का तुम्ही?"

काकूंना वाटलं, आता तासभर व्याख्यान. काका गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेघा मारलेली वही आणली आणि २८ दिवस उत्तरेकडे डोकं करून झोपायला सुरुवात केली. वही नातीने मला दाखवली. दिनांक, झोपेची वेळ, जाग, शेरा, सगळे रकाने. 'दिवस १. झोप शांत.' 'दिवस ४. अडीचला जाग. कारण शेजारचा कुत्रा. दिशेचा संबंध नाही.' 'दिवस ९. झोप उत्तम. खेद वाटतो.' वही चाळताना मला या माणसाबद्दल नको तेवढं प्रेम वाटायला लागलं. चुंबकाच्या बाजूने एक जाग लिहिली असती तर कोण तपासणार होतं? पण मोजमाप वहीत खोटी नोंद करणं त्या हाताला जमलंच नाही.

सतराव्या दिवशी नोंद होती: 'रात्री दोन वाजता उशी फिरवली. कारण: आई ओरडली असती.'

यम नाही, पचन नाही, लोह नाही. आयुष्यभरात काकांनी दिलेलं हे एकच कारण मला तोंडावर खोडता आलं नसतं. नातीने खाली लाल पेनने शेरा मारला होता, 'कारण खरे आहे. चाचणी अपूर्ण. पुन्हा घ्यावी.' खाली सहीसुद्धा, आजोबांसारखी गिचमिड.

कट्ट्यावर मात्र आईचं नाव निघालं नाही. तिथे काकांनी जाहीर केलं, की प्रयोग थांबवावा लागला, कारण चुंबकीय उत्तर ध्रुव कॅनडाकडून सैबेरियाच्या दिशेने सरकतोय. आता गंमत अशी, की तो खरोखरच सरकतोय. १८३१ मध्ये तो कॅनडाच्या उत्तरेला सापडला, तेव्हापासून त्याचा प्रवास चालूच आहे. "मग उत्तर नक्की कुठली धरायची, सांगा!" काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने घरी जाऊन पलंग फिरवल्याचं कळलं.

चाचणी दुसऱ्यांदा सुरू झाली आहे. काल काकू भाजीवाल्याकडे भेटल्या. झोप कशी लागते, म्हणून विचारलं.

"घोरतात," काकू म्हणाल्या. "फक्त उशीखाली लोखंडी किल्ली ठेवतात. का ते विचारू नकोस, मला कुकर लावायचाय."