दोन तासांत चारित्र्य

गोंदिया जिल्ह्यात विद्यार्थ्यांचे चारित्र्य किती झटपट घडवले जाते, याची दखल जिल्ह्याबाहेर कोणी घेतलेली नाही. निदान आपण इथल्या रहिवाशांनी तरी ती घ्यायला हवी. व्यक्तिमत्त्व विकास शिबिराची वेळ सकाळी अकराची असते. पाहुणे दीडच्या सुमारास पोचतात, शाल-श्रीफळ होते, आणि साडेतीनला आभारप्रदर्शन सुरू झाले की आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलांचा विकास पूर्ण झालेला असतो. मागच्या पिढ्यांना या कामासाठी आई, आजी, शेजारी, एखादा कडक मास्तर आणि आयुष्याची पंधरा-वीस वर्षे खर्ची घालावी लागत. आता एक माईक, एक फलक आणि चहा-पोह्यांची सोय एवढ्यात ते भागते. सार्वजनिक पैशाची आणि वेळेची ही बचत साधी नाही.

शिबिराचा पहिला गुण असा, की त्यात मूल्ये नुसती सांगितली जात नाहीत, अनुभवायला मिळतात. राज्यातल्या शाळांच्या परिपाठात मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये आहेत आणि वक्तशीरपणा त्यांतले एक आहे. मुले साडेदहालाच मैदानात रांगेने बसवलेली असतात. अडीच-तीन तास उन्हात बसल्यावर पाहुण्यांनी वेळेच्या महत्त्वावर बोलायला सुरुवात केली, की तो विषय मुलांच्या अंगात जसा मुरतो तसा पुस्तकाने मुरला नसता. कोणाच्या वेळेला किंमत असते आणि कोणाच्या वेळेला नसते, हे त्यांना कायमचे समजते. स्त्री-पुरुष समानतेचेही तसेच. मुली स्वागतगीत म्हणतात, औक्षण करतात, फुले देतात. मुले सूत्रसंचालन करतात आणि माईक सांभाळतात. दोघांनाही काम मिळाल्यामुळे समानतेबद्दल तक्रारीला जागा राहत नाही.

श्रमप्रतिष्ठेवरचे भाषण मला विशेष आवडते. मैदान झाडणे, पाणी शिंपडणे, सतरंज्या अंथरणे, मुख्याध्यापकांच्या खोलीतून खुर्च्या आणून ठेवणे हे सगळे विद्यार्थ्यांनी सकाळीच केलेले असते. मग पाहुणे त्याच खुर्चीवरून उठून सांगतात, की आजच्या पिढीला कष्टाची सवय राहिलेली नाही. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी मुलांनी जुलैमध्ये घरच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभे राहून रोवणी केलेली असते. पऱ्ह्यांच्या पेंढ्या त्यांनी डोक्यावर वाहिलेल्या असतात. हा धानाचा जिल्हा आहे. इथे शाळेतल्या जुलैच्या गैरहजेरीला पावसाचा हिशेब असतो. पण हे मध्येच उठून सांगायचे नाही, पाहुणे बोलत असताना गप्प बसायचे, इतके सौजन्य या मुलांकडे शिबिरापूर्वीच असते. दहांपैकी एक मूल्य असे आयतेच पूर्ण झालेले मिळते.

तरीही शिबिराचे खरे सामर्थ्य त्याच्या मुख्य सिद्धांतात आहे. परिस्थिती महत्त्वाची नाही, दृष्टिकोन महत्त्वाचा. आपल्यासारख्या जिल्ह्याला याहून सोयीचा सिद्धांत मिळणे कठीण. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. म्हणजे पाच वर्ग आणि दोन शिक्षक हे चित्र पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि दोघांपैकी एक निवडणुकीच्या कामाला गेला तर तेही कायदेशीर आहे. उरलेला एक जण पहिलीला मुळाक्षरे, तिसरीला वजाबाकी आणि पाचवीला अपूर्णांक एकाच खोलीत शिकवतो. या परिस्थितीकडे परिस्थिती म्हणून पाहिले तर माणूस खचेल, कदाचित पंचायत समितीत जाऊन चार प्रश्नही विचारेल. दृष्टिकोन म्हणून पाहिले, तर तेच मूल स्वयंअध्ययन शिकत आहे असे दिसते. एका वाक्याच्या फरकाने एक शिक्षक वाचतो.

सालेकसा किंवा देवरी तालुक्यातल्या एखाद्या मुलीचे बघा. माध्यमिक शाळा तिच्या गावात नाही. मानव विकास कार्यक्रमाची निळी एसटी तिच्यासारख्यांसाठीच सुरू झालेली आहे आणि ती नियमित आली तर या मुलीचे शिक्षण होते, इतका सरळ मामला आहे. गाडी चुकली, बंद पडली, पावसात रस्ता खचला, की ती एक तर चालते नाही तर घरी थांबते. घरी थांबण्याचे दिवस वाढले की आई-वडील लग्नाचा विचार करू लागतात. आता या साखळीत हात कुठे घालायचा? गाडीत घालायचा तर आगाराला पत्रे लिहावी लागतील, रस्त्यात घालायचा तर ठेकेदाराला बोलावे लागेल. शिबिराने सर्वांत अडथळामुक्त जागा शोधली आहे. ती जागा म्हणजे ती मुलगी. तिला सांगितले जाते, की मनात जिद्द असेल तर अंतर आडवे येत नाही. ती मान डोलावते. जिद्द तिच्याकडे नसती तर ती त्या दिवशी तिथे बसलेलीच नसती, पण तिने मान डोलावली हे महत्त्वाचे, कारण त्याच क्षणी फोटो काढला जातो.

ही विद्या आपण कुठून आणली, हेही अभिमानाने सांगितले पाहिजे. 1912 साली न्यूयॉर्कच्या वायएमसीएमध्ये डेल कार्नेगी नावाच्या तरुणाने संध्याकाळचे भाषणकलेचे वर्ग सुरू केले. तिथे येणारी माणसे नोकरी-धंद्यातली होती आणि लोकांपुढे उभे राहून आपले म्हणणे पटवणे ही त्यांची पोटापाण्याची गरज होती. त्या प्रौढ माणसांसाठी ते शिक्षण योग्यच होते. हस्तांदोलन कसे करावे, नजर कशी मिळवावी, समोरच्याचे नाव कसे लक्षात ठेवावे, हे सगळे आज शंभराहून अधिक वर्षांनी आमच्या आठवीच्या मुलांपर्यंत पोचले आहे. त्यांच्याजवळ अजून विकायला काही नाही, ही अडचण तात्पुरती आहे.

संवादकौशल्याच्या सत्रात तर आपण फार मोठी मजल मारली. झाडीपट्टीत मूल घरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलते, शाळेत मराठी, गोंदियाच्या बाजारात हिंदी, आणि सीमेकडच्या गावांत छत्तीसगढीही त्याच्या कानावर असते. तीन-चार भाषांतून वावरणाऱ्या या मुलाला संवाद साधता येत नाही, हे शिबिरातच पहिल्यांदा उघड होते, कारण तिथे त्याला इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला सांगतात. तो अडखळतो. मग त्याला पाच वाक्ये पाठ करून दिली जातात. ‘स्टेज डेअरिंग’ हा पुढचा विषय. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके चालतात, दंडारीत शेतकरीच नाचतो आणि गातो. अर्जुनी-मोरगावकडच्या कित्येक घरांत कोणी ना कोणी तोंडाला रंग लावलेला माणूस आहे. अशा मुलखातली मुले रंगमंचाला घाबरतात हे आपल्या ध्यानातच आले नव्हते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी ते आणून दिले.

आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे गाव मानतात, आमगावच्या महाविद्यालयालाही त्याचेच नाव आहे. आठव्या शतकाच्या सुरुवातीचा हा नाटककार शिबिराच्या कसोटीवर तपासला तर मात्र काळजी वाटते. उभ्या आयुष्यातली त्याची तीनच नाटके आपल्याकडे आहेत, म्हणजे उत्पादकता कमी. त्यांतल्या ‘उत्तररामचरिता’त करुण रस ओतप्रोत आहे, म्हणजे विचार नकारात्मक. राजा असलेला राम स्वतःच्याच निर्णयाच्या दुःखाने शुद्ध हरपतो, त्याच्याकडे भावनांचे नियोजन अजिबात नाही. ‘मालतीमाधवा’च्या प्रारंभी तर भवभूतीने आपल्याला नावे ठेवणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत झटकून टाकले आहे आणि आपल्याला समजणारा माणूस पुढे केव्हातरी जन्मेल, अशी आशा ठेवली आहे. फीडबॅक स्वीकारायचा नाही, ओळखी वाढवायच्या नाहीत, आणि प्रसिद्धीसाठी काही शतके थांबायचे. पदमपुरात त्या काळी दोन तासांचे एक शिबिर झाले असते, तर हा मुलगा हसतमुख निघाला असता, दरबारात चटकन चिकटला असता, आणि सीतेच्या त्यागाचा तो सल संस्कृत वाङ्मयाला बाराशे-तेराशे वर्षे सोसावा लागला नसता.

जवळपास प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर असा एक गप्प मुलगा असतो. तो वाचतो, किंवा खिडकीतून बाहेर पाहतो, विचारले तर उशिरा आणि नेमके उत्तर देतो. शिबिरात त्याला हेरून पुढे आणतात, उभे करतात आणि ‘आय अ‍ॅम द बेस्ट’ असे तीनदा ओरडायला लावतात. तिसऱ्यांदा आवाज पुरेसा मोठा झाला की टाळ्या वाजतात. त्याच्या व्यक्तिमत्त्वात नेमके काय होते, हे त्याआधी कोणी विचारलेले नसते. त्यामुळे काय गेले, हेही कळण्याचा प्रश्न येत नाही.

वैज्ञानिक दृष्टिकोनाकडेही दुर्लक्ष होत नाही. माणूस मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो, हे विधान इतक्या शिबिरांत इतक्या विश्वासाने केले गेले आहे, की मेंदूविज्ञानाने ते केव्हाच निकालात काढले असले तरी त्याचे काही बिघडलेले नाही. विज्ञानाच्या प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद असलेल्या शाळेत हे विधान अधिक ठसते. ते तपासून पाहायची सोय तिथे नसते.

जुन्या लोकांच्या पद्धती पाहिल्या म्हणजे आपली प्रगती कळते. बिडीच्या धंद्यात उभे राहिलेले मनोहरभाई पटेल स्वतः फारसे शिकलेले नव्हते. 1958 मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि त्यातून शाळा-महाविद्यालये उभी राहिली. मुलांचे भले व्हायचे तर आधी खोल्या बांधल्या पाहिजेत, मास्तर नेमले पाहिजेत, त्यांना पगार दिला पाहिजे, अशी त्या पिढीची समजूत दिसते. 1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तिचीही चाल तशीच संथ. दोन वर्षांत 240 तास काम आणि वर सात दिवस एखाद्या खेड्यात मुक्काम. तिथे विद्यार्थी बंधारा घालतात, नाली उपसतात, गावातल्या घरी जेवतात, रात्री म्हाताऱ्यांशी बोलत बसतात, एकमेकांशी भांडतात आणि सकाळी पुन्हा एकाच घमेल्याला हात लावतात. यातून एखाद्याचा स्वभाव बदलतो हे मी पाहिले आहे. पण तो हळू बदलतो, त्याचे श्रेय कोणाला द्यावे हे ठरत नाही, आणि त्या क्षणाचा फोटो मिळत नाही. म्हणून हातात कोरा झाडू आणि मागे फलक अशी जी सुटसुटीत पद्धत काही ठिकाणी रूढ होते आहे, ती काळाला धरूनच म्हटली पाहिजे.

शिबिराच्या शेवटी भरून घेतला जाणारा तक्ता मला या सगळ्याचा कळस वाटतो. त्यात एक प्रश्न असतो: मी प्रामाणिक आहे. होय की नाही? मे महिन्यात याच मुलांतली काही आईबरोबर पहाटे जंगलात जातात, तेंदूची पाने खुडतात, घरी बसून मोजून पुडे बांधतात आणि फडीवर नेऊन देतात. पुड्यात पाने कमी निघाली तर पुडा बाजूला पडतो आणि आईची मजुरी बुडते, हे त्या मुलांना दुसरी-तिसरीतच माहीत असते. नवेगावबांधच्या तलावाकाठी पक्ष्यांची नावे वडिलांकडून शिकलेली मुले आहेत. धानाच्या बांधीतले सारसाचे घरटे कुठे आहे ते ठाऊक असून त्याची वाच्यता न करणारी घरे या जिल्ह्यात आहेत, आणि त्यामुळेच राज्यात इतरत्र जवळपास संपलेला हा पक्षी इथे अजून दिसतो. तक्त्यात यासाठी रकाना नाही, तो असायचे कारणही नाही. प्रश्न सोपा आहे आणि मुले समंजस आहेत. नेमके कोणते उत्तर हवे आहे, हे ती शेजारच्याच्या तक्त्यात डोकावून खात्री करून घेतात आणि सगळी ‘होय’ लिहितात. प्रामाणिकपणाचा निकाल 100 टक्के लागतो.

मग प्रमाणपत्रे वाटली जातात. नावाची जागा कोरी असते, ती मुलांनी घरी जाऊन आपापल्या अक्षरात भरायची. दुसऱ्या दिवशी एक शिक्षक तास सोडून अहवाल तयार करतो: उपस्थिती, छायाचित्रे, पाहुण्यांचे नाव, साध्य झालेली उद्दिष्टे. अहवालाच्या शेवटी ‘अडचणी’ असा एक रकाना असतो. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, नववीतल्या दोघी दिवाळीपासून आलेल्या नाहीत, हे तिथे लिहिता येते. जागा चार ओळींची आहे, पुरेशी आहे. पण इतक्या उत्साहाच्या कार्यक्रमानंतर वरच्या कार्यालयाचा विरस करणे कोणालाच बरे वाटत नाही, म्हणून तिथे ‘निरंक’ लिहितात.