पोट नसलेला तंबोरा

आमच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली, पण सुरावरून झालेलं पहिलं भांडण गेल्या श्रावणातलं.

बायकोनं पन्नाशी उलटल्यावर गाणं शिकायला घेतलं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाकी काही नको. पहाटे उठून तंबोऱ्यावर अर्धा तास सा लावा." आम्ही राहतो सांगलीत. मिरज हाकेच्या अंतरावर. तिथं सतारमेकरांच्या दुकानांत भोपळे टांगलेले असतात, मंगळवेढ्याकडून आलेले, एकेक असा गरगरीत की आत लहान मूल बसावं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. आणि आमच्या घरी तंबोरा नाही! म्हणजे कोल्हापुरात राहून पायात रबरी स्लिपर घालण्यातलाच प्रकार. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तंबोरा ठेवायचा कुठे, हा प्रश्न मी चटकन विचारला आणि त्यामुळे किंमत विचारायची वेळ टळली.

"ॲप घे," मी म्हणालो. "फुकट असतं. तार तुटत नाही, पावसाळ्यात सूर उतरत नाही, आणि कोपऱ्यात उभं करायला नको."

ॲप आलं. फोनमध्ये तंबोरा सुरू झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिनं मला गदागदा हलवलं.

"अहो, उठा. खर्ज येत नाही."

मला झोपेत 'खर्च' ऐकू आलं. "येत नाही कसा? परवाच विजेचं बिल भरलंय," असं काहीतरी मी बोललो आणि कूस बदलली. निवृत्त बँकवाल्याला पहाटे उठवून हिशेब विचारू नयेत.

पण ती खर्जाबद्दलच बोलत होती. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पहिली पंचमाची, मधली जोडी षड्जाची आणि शेवटची जाड, पितळी, ती खर्जाची. फोनमध्ये पहिल्या तिन्ही ठीक वाजत. चौथीची पाळी आली की गुंजनाऐवजी नुसती किणकिण, जशी काही शेजारच्या घरात कुणाची तरी बांगडी वाढवली.

मी लगेच निदान केलं. मुलानं दिवाळीला एक टॅब पाठवला होता. त्याचा उपयोग मी पत्ते खेळायला आणि बायको गरम भांडं ठेवायला जवळजवळ सारख्याच प्रमाणात करत होतो. "टॅबवर लाव," मी म्हणालो. "वस्तू मोठी, तेव्हा आवाज मोठा." तिचं म्हणणं पडलं, की फोन टॅबच्या दुप्पट किमतीचा, तेव्हा आवाज फोनचाच चांगला असणार, दोष असला तर ॲपमध्ये. अशी आमच्या घरात दोन घराणी झाली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेलाच विसावले. आमची दोन्ही घराणी किराणा आणायला मीच जातो एवढ्यापुरतीच त्यांच्याशी निगडित.

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा प्रकरण त्याच्यापुढे ठेवलं. तो पुण्यात आयटीत आहे. त्याला प्रश्न विचारला की तो आधी सुस्कारा सोडतो, मग आकडे सांगतो.

"आईची पट्टी काळी पाच ना? म्हणजे तिचा सा सेकंदाला 233 कंपनांच्या आसपास. खर्जाचा सा त्याच्या निम्मा, 116. दोन-तीनशेच्या खाली गेलं की फोनच्या स्पीकरचा दम सुटतो. आवाज म्हणजे हलवलेली हवा, बाबा. एक सप्तक खाली उतरायचं तर तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट मागं-पुढं व्हावं लागतं. नखाएवढा पडदा, आठ मिलिमीटर जाडीचा फोन. हलणार किती आणि कुठं?"

"तेच तर मी म्हणतोय! टॅब मोठा आहे."

"टॅब लांबरुंद आहे. जाड कुठाय?"

भाकरी जितकी मोठी थापावी तितकी पातळ होते, तोच न्याय इथं. 2024 साली आलेला तेरा इंची आयपॅड प्रो 5.1 मिलिमीटर जाडीचा आहे, म्हणजे खिशातल्या फोनपेक्षा बारीक. टॅबची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे मुलानं कबूल केलं. टॅबला डावीकडं-उजवीकडं वेगवेगळे स्पीकर असतात, काहींना चार; आयपॅड प्रोला 2015 पासून आहेत. त्यामुळं डावीकडची व्हायोलिनं डावीकडून आणि उजवीकडची बासरी उजवीकडून येते, मध्ये वीतभर अंतर राहतं. फोनचा एक स्पीकर खालच्या कडेला, नेमका आपल्या करंगळीखाली गुदमरलेला, आणि दुसरा म्हणजे बऱ्याचदा कानाला लावून बोलायचं जे छिद्र तेच. सिनेमाचं गाणं टॅबवर मोकळं वाटतं ते म्हणून. पण तंबोऱ्याला डावं-उजवं नको असतं. त्याला खाली जायचं असतं, आणि खाली दोघांकडंही जागा नाही.

"पण मला खर्ज ऐकू येतो," मी म्हणालो. खरंच येत होता. बायको नाही म्हणत होती म्हणून नव्हे. मन लावून ऐकलं की अगदी बारीक, पण होता.

"तो तुमच्या डोक्यात आहे."

हे वाक्य बायकोला फार आवडलं आणि पुढं आठवडाभर तिनं ते वेगवेगळ्या संदर्भांत वापरलं. परंतु शास्त्र माझ्या बाजूचं निघालं. जुन्या टेलिफोनच्या तारेतून 300 ते 3400 एवढीच कंपनं जात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर शंभर-सव्वाशेचा, म्हणजे माझे वडील ट्रंककॉलवर "पोचलो" म्हणून ओरडत तेव्हा त्यांचा मूळ सूर तारेत शिरतच नसे. तरी आवाज त्यांचा हे आम्ही ओळखायचो. कारण प्रत्येक सुराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी वरची कंपनं येत असतात. 233, 349, 466 हे आकडे कानी पडले की मेंदू गपचूप मागे हिशेब करतो आणि 116 मांडून मोकळा होतो. व्याजावरून मुद्दल काढणे! माझी सगळी नोकरी यातच गेली. तंबोरा तर या बाबतीत कमालीचा उदार सावकार. घोडीवर तारेखाली तो सुताचा बारीक दोरा सरकवतात, जवारी लावतात, ती सगळी खटपट वरचे सूर खुलवण्यासाठीच. त्यामुळे फोनमधून मुद्दल बुडालं तरी व्याज येत राहतं, आणि माझ्यासारखा समाधानी ठेवीदार त्यावर खूश असतो. बायकोला मुद्दल हवं होतं.

निवाडा बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावा असं ठरलं. आमच्या वरच्या मजल्यावर नाना राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. तानसेन नसले तरी पट्टीचे कानसेन. पुण्याला असताना सवाई गंधर्व महोत्सव त्यांनी चुकवला नाही, आणि कुणाचं गाणं कुठल्या साली किती वाजता रंगलं हे ते न विचारताही सांगतात.

मुलानं परीक्षेची पद्धत बजावली होती. एक, नानांना यंत्र दिसता कामा नये. दोन, दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जे किंचित मोठं वाजतं ते कानाला हटकून चांगलं वाटतं. (दुकानात जो टीव्ही विक्रेत्याला खपवायचा असतो त्याचा आवाज दोन घरं वर कसा असतो, याचा उलगडा मला साठीनंतर झाला.) म्हणून मी माझ्या जुन्या फोनवर आवाज मोजायचं ॲप टाकलं, हॉलमध्ये दोरी बांधून सोलापुरी चादर टांगली आणि चादरीमागे बसलो. पुढे खुर्चीत नाना, शेजारी बायको, आणि दारात केर काढायच्या थांबलेल्या मावशी.

पहिली फेरी झाली. नाना डोळे मिटून मान हलवत होते. दुसरी फेरी झाली.

"हं," नाना म्हणाले. "पहिला आवाज कोरडा. सूर आहे, पण ओलावा नाही. दुसऱ्यात कसं, जरा भोपळा बोलतोय. काय गं पोरी?"

"मला उलटं वाटलं, नाना," बायको म्हणाली. "पहिला गोल होता. दुसरा पत्र्याचा."

यावर वीस मिनिटं चर्चा झाली. तिच्यात गोलाई आली, आस आली, सन 1971 मधली एक मैफल आली, चहा आला. मी चादरीमागे गप्प होतो. कारण दुसऱ्या फेरीत टॅबवर बोट ठेवताना तो झोपी गेलेला आढळला होता, आणि उठवायला उशीर होईल म्हणून घाईत मी पुन्हा फोनच लावला होता. दोन्ही फेऱ्या फोनच्याच होत्या.

"मावशी, तुम्हाला काय वाटलं?" मी चादरीवरून डोकं काढून विचारलं.

"मला तर दोन्हीत डासच गुणगुणतोय, दादा," त्या म्हणाल्या. "पाय उचला."

मी खरी गोष्ट सांगितली नाही. नानांनी जिना उतरून यायला घेतलेले कष्ट डोळ्यांसमोर होते. शिवाय ते निघता निघता म्हणाले ते मला पटलं. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला गीतरामायण लागायचं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. घरातला रेडिओ लाकडी पेटीचा, देवघराएवढा, पुढं कापडाची जाळी. गाणं लागलं की फळीवरच्या पितळी वाट्या हलायच्या. "त्या रेडिओला पोट होतं रे," नाना म्हणाले. "ग्रामोफोनला कर्णा होता, तंबोऱ्याला भोपळा असतो. तुझ्या या पाट्यांना पोट कुठाय?"

त्या रात्री आरशासमोर उभं राहून मी बराच विचार केला. यंत्रांची पोटं ज्या काळात गेली, नेमक्या त्याच काळात माझं आलं. कुठलीच वस्तू नाहीशी होत नाही, नुसती जागा बदलते, असं शाळेत शिकवलं होतं ते हेच असावं. एकदा गंमत म्हणून फोन पोटावर ठेवून पाहिला. फरक पडला नाही. आतून भरीव असणार.

मधल्या काळात इयरफोनचाही प्रयोग झाला. टॅबला हेडफोनचं भोक होतं, फोनला नव्हतं. 2016 मध्ये आयफोन 7 नं ते बुजवल्यापासून एकेकानं बुजवत आणलंय. मुलानं जोडायची शेपटी पाठवली. एकच इयरफोन आलटून पालटून दोन्हींना लावला आणि खर्ज आला, भरघोस, दोन्हीकडून हुबेहूब सारखा. आतलं यंत्र दोघांचंही उत्तम. खोट सगळी दाराशी. म्हणजे भांडण मिटायला हरकत नव्हती. पण बायको म्हणाली, "कानात बोळे घालून मी माझा सा ऐकू कसा?" आणि बाईंनीही मान्यता दिली नाही.

खर्ज सापडला तो अपघातानं. एका सकाळी तिनं गाता गाता कुकर लावायचा म्हणून फोन नेऊन तांदळाच्या कोठीवर ठेवला. कोठी जुनी, पत्र्याची, सासूबाईंच्या वेळची, आणि महिनाअखेरीमुळं तळाला गेलेली.

"अहो, आला!"

"कोण आला?" मी दाढी करत होतो.

"खर्ज!"

जाऊन ऐकलं. झाकण थरथरत होतं आणि सगळं स्वयंपाकघर घुमत होतं. मुलाला फोन केला तर त्यानं आधी सुस्कारा सोडला आणि मग सांगितलं, की तो खरा खर्ज नाही, झाकणाचा पत्रा मधल्या सुरांना धरून स्वतःच गुणगुणतोय. बायकोनं फोन ठेवून दिला. टॅबही ठेवून पाहिला, पण तो झाकणाच्या बाहेर जाऊन घसरायला लागला. माझं घराणं तिथंच संपलं. संध्याकाळी नाना खास खाली आले, कोठीला कान लावून बसले आणि म्हणाले, "जवारी जरा जास्त खुलीय. पण भोपळा झकास."

एक तारखेला मी यादीप्रमाणं तांदूळ आणून कोठी काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला गदागदा हलवण्यात आलं. आता आमच्याकडं तांदूळ दोन किलोच्या वर येत नाही. वाण्यानं परवा हळूच बाजूला घेऊन विचारलं, "काका, पेन्शन वेळेवर होतेय ना?"