भारनियमन

भिवपुरी रोडच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट बघताना काकांनी शेजारच्या गृहस्थांना समजावलं, "दारू एकदम तोडायची नाही. कणाकणानं कमी करत आणायची. आणि फार कमी केली तरी धोका असतो, मध्येच अडकतं."

गृहस्थांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि काकांचा हात हातात घेतला. "काका, वहिनींना किती बरं वाटेल!"

काका बोलत होते बंदुकीच्या दारूबद्दल. प्यायची दारू त्यांनी आयुष्यात कधी घेतली नाही. गैरसमज दूर करायला ते नेरळपर्यंत बोलत राहिले. उतरताना गृहस्थांचा चेहरा असा होता, की याच्यापेक्षा पिणं परवडलं.

हे काका म्हणजे एक जमात आहे. बँक, रेल्वे, नाहीतर खोपोलीकडच्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त व्हायचं, गावाकडचं घर दुरुस्त करून पडवीला जाळी बसवायची आणि मग जगातली एकच गोष्ट मनाजोगती जुळवत बसायचं. कुणी घड्याळं जुळवतो, कुणी हार्मोनियमचे सूर. आमचे काका भार जुळवतात. नेमबाजीत काडतुसात दारू किती आणि गोळी किती वजनाची, या हिशेबाला इंग्रजीत लोड म्हणतात. काकांनी त्याचा भार केला आणि तो डोक्यावर घेतला.

रिव्हॉल्व्हरचा हलका भार हा त्यांचा सर्वात आवडता अध्याय. तो लावायला त्यांना निमित्त लागत नाही. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटतानाही ते सांगू शकतात, की .32 स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस 1896 चं आणि .38 स्पेशल 1898 चं. दोन्ही काळ्या दारूच्या काळातली, म्हणून नळकांडं ऐसपैस. पुढे बिनधुराची दारू आली, तिला जागा थोडी पुरते. निशाणेबाजीसाठी तीही कमी केली, की मोठ्या पातेल्यात मूठभर तांदूळ टाकल्यासारखं होतं. पिस्तुलाची नळी वर करून खाली आणलं तर दारू मागे सरते, नुसतं खालून उचललं तर पुढे राहते, आणि त्याप्रमाणे गोळीचा वेग बदलतो. म्हणजे रिव्हॉल्व्हर उचलण्याच्या पद्धतीवर नेम अवलंबून! हे वाक्य म्हणताना ते मोदकाची वाटी तिरकी करून दाखवतात.

भार हलका करायचा तो झटका कमी बसावा म्हणून. झटका कमी तर मनगट दचकत नाही, आणि पुढच्या गोळीच्या आधीच डोळे मिटायची सवय लागत नाही. त्यासाठी वॉडकटर नावाची सपाट तोंडाची गोळी असते. तिकिटाला पंच मारावा तसं ती कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना भांडण नाही. जसपाल राणा यांनी 2006 साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर सेंटर फायर पिस्तूलमध्ये 600 पैकी 590 गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली, तो असल्याच मवाळ काडतुसांचा खेळ. काका तो आकडा असा सांगतात, जणू ते स्वतः मागे टॉवेल घेऊन उभे होते.

आता खरी अडचण. अमेरिकेत असा हौशी माणूस गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं भरतो. इथे शस्त्र कायदा, 1959 चं पाचवं कलम सांगतं, की काडतूस बनवायला परवाना लागतो, आणि तो पडवीत बसणाऱ्या काकांना मिळणारा परवाना नव्हे. काका कायदा मानणारे. त्यामुळे या विषयातलं त्यांचं सगळं कार्य वहीत आहे. दोनशे पानी वही, प्लास्टिकचं कव्हर, वर कुंकवाचं बोट. आत रकाने आखलेले: दारू, गोळी, वेग, शेरा. पहिले तीन रकाने वाचनातून भरलेले. शेऱ्याच्या रकान्यात सर्वत्र "अनुभव घेणे".

रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे खरंच आहे, परवान्याचं, .32 चं. त्याची काडतुसं सरकारी, बुडावर केएफ अशी अक्षरं. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, खडकीचा 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना. पण परवान्यावर मोजून लिहिलेली काडतुसं उडवायला त्यांचा जीव होत नाही. शिवाय रिव्हॉल्व्हर घरी असतं कुठे? निवडणूक लागली, आचारसंहिता आली, की शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. लोकसभा, विधानसभा, मग स्थानिक स्वराज्य संस्था. आपल्या लोकशाहीचा उत्साह पाहता ते शस्त्र काकांच्या कपाटापेक्षा पोलीस ठाण्यात जास्त रुळलं आहे. काका पावती मात्र जपून ठेवतात. पावत्यांची फाइल रिव्हॉल्व्हरपेक्षा जड झाली आहे.

मग उरतो छर्रा.

10 मीटर एअर पिस्तूल. 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर, डब्यात पाचशे. दारू नाही, दाबलेली हवा. इथे भरण्यासारखं काहीच नाही, म्हणजे भार जुळवायला वाव नाही, असं तुम्हाआम्हाला वाटेल. काकांनी छर्रेच तोलायला घेतले.

पहिला काटा कर्जतच्या एका सोनाराकडचा. सोनारानं विचारलं, "काय तोलायचंय?" काका म्हणाले, "शिसं." सोनारानं एकदा काकांकडे आणि एकदा काट्याकडे पाहिलं. मग काकांनी दुकानातच हिशेब मांडला. दारू आणि गोळी ग्रेनमध्ये मोजतात, आणि ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्या जुन्या तोळ्यात 180 ग्रेन आणि 96 गुंजा. म्हणजे गुंज दोन ग्रेनपेक्षा जराशी कमी, आणि 0.53 ग्रॅमचा छर्रा साडेचार गुंजांच्या आतबाहेर. "आपल्याकडे हे शास्त्र होतंच हो!" मागे मंगळसूत्र घ्यायला आलेलं कुटुंब उभं होतं. त्यांनाही सोनाराबरोबर ते शास्त्र ऐकावं लागलं.

घरी छर्ऱ्यांची वर्गवारी चार वाट्यांत: भारी, मध्यम, हलके आणि संशयित. त्यानंतर गोलाईची परीक्षा. पोळपाटाच्या एका बाजूखाली काडेपेटी ठेवायची, वर काच, आणि काचेवरून छर्रे सोडायचे. बाकीच्यांच्या वाटेनं घरंगळतो तो खानदानी, वेगळ्या वाटेला जातो तो बाद. ही परीक्षा जगभरचे नेमबाज घेतात. फक्त पोळपाटावर नाही. काकूंनी दोन दिवस पोळ्या ताटाच्या पाठीवर लाटल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्यावरची सूचना चष्मा लावून वाचली आणि शिसं, पोळपाट, वाट्या आणि काका यांची पडवीत रवानगी केली. "हात साबणानं धुतल्याशिवाय उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही." शिसं पोटात जाणं वाईट, यात काकूंचं शंभर टक्के बरोबर आहे. पोळपाट नवा आला.

या तोलण्यातून मिळतं काय? छर्ऱ्याच्या वजनात 0.01 ग्रॅमचा फरक पडला, तर बाकी सगळं सारखं धरून 10 मीटरवर तो लागण्याची जागा अर्ध्या मिलिमीटरनेही हलत नाही. एअर पिस्तूलचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं आहे. आणि काकांचा हात? तो पुढच्या वर्तुळांचं पर्यटन करतो. पण सहा गुण आले, की ते पिस्तूल टेबलावर ठेवतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "हा संशयितातला गेला बहुतेक."

यावर हसायला गेलात तर त्यांच्याकडे तयार उत्तर आहे. ऑलिंपिकच्या पातळीवरचे रायफल नेमबाज काडतुसांचे लॉट तपासतातच. कारखान्यात नळी शिकंज्यात धरून, एकेका लॉटच्या गोळ्या झाडून, ज्याची भोकं जवळजवळ पडतील तो विकत घेतात. काकांचं हे खरं आहे. फरक एवढाच, की ते लोक आधी स्वतः शिकंज्यासारखे उभे राहायला शिकलेले असतात.

महिन्यातून एकदा पनवेलची फेरी. सुमा शिरूर यांनी तिथे उभं केलेलं नेमबाजीचं केंद्र रायगडकरांना अभिमानाचं. त्यांनी 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली होती. काका तिथे मुलांना नेमबाजी करताना पाहतात. बारा-तेरा वर्षांची पोरं डबा उघडतात, हाताला येईल तो छर्रा घालतात. काकांच्या काळजात चर्र होतं. एकदा त्यांनी एका मुलीला वाटी पुढे केली, "हे मध्यम घे, तोललेले आहेत." ती म्हणाली, "थँक यू काका, नको, सवय मोडेल."

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक आणलं. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. तेव्हापासून कर्जत लोकलमध्ये काळा कोट दिसला, की काका स्वतःहून पास काढतात आणि त्या माणसाच्या खांद्याकडे, उभं राहण्याच्या ढबीकडे निरखून पाहतात. एका तपासनिसानं त्यांचा पास दोनदा तपासला. इतक्या उत्साहानं पास दाखवणारा प्रवासी त्यानं पाहिला नसावा.

भिवपुरीला 1922 पासून टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. सह्याद्रीवरून पाणी पडतं, वीज तयार होते आणि मुंबईकडे जाते. भारनियमन हा शब्द इथल्या माणसानं तरीही पुरेसा भोगला आहे. आता वेळापत्रक लावून वीज जात नाही. पण पावसात कुठे फांदी पडून दिवे गेले, तरी तोंडात तोच शब्द येतो.

मागच्या आषाढात तसंच झालं. पावसात शिसं पांढरं पडू नये म्हणून काका दिवेलागणीला नवा डबा घेऊन बसले होते. चारशे ऐंशी छर्रे तोलून झाले. चार वाट्या भरत आल्या होत्या. दिवे गेले. टॉर्चसाठी हात पसरला आणि कोपर लागून टेबलावरून चारही वाट्या एकदमच खाली आल्या. अंधारात पडवीभर बराच वेळ टणटण चालू होती. भारी, मध्यम, हलके, संशयित सगळे एक झाले.

आतून काकू म्हणाल्या, "अहो, भारनियमन सुरू झालं वाटतं."

काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या सोनाराकडे गेले आणि विजेशिवाय चालणारा, हातात धरायचा जुना तराजू आहे का, असं विचारलं. तराजू मिळाला. गुंजा मात्र संपल्या होत्या.