मूडी असण्याची पात्रता

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये ‘मूडी’ कुणाला म्हणायचं हे स्वभावावरून ठरत नाही, हुद्द्यावरून ठरतं. साहेबांनी फाइल भिरकावली तर साहेब मूडी. तीच फाइल आणायला हेल्परने उशीर केला तर तो कामचोर. आमची नागपूरकडची मंडळीही यात मागे नाहीत. भाऊ ड्युटीवरून आल्यापासून घुम्यासारखे बसले तर “जरा मूडी आहेत, जेवू द्या, मग बोला.” वहिनी तासभर गप्प राहिल्या की त्यांनी मात्र तोंड फुगवलेलं असतं. पोरं किरकिरी, सासूबाई रुसव्या. गवयाला तर हा मान जन्मतःच मिळालेला, मैफलीला दोन तास उशिरा येऊ द्या, लोक कौतुकानेच सांगणार, “भारी मूडी माणूस!”

कामाला येणाऱ्या छत्तीसगढी बाईला हे भेद ठाऊक नाहीत. “दीदी, साहब रिसाय हे का?” असं हळूच विचारून ती भाऊंना थेट सासूबाईंच्या पंगतीला बसवते.

आणि हे सगळं कुठे, तर ब्लास्ट फर्नेसच्या गावात! सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या इथल्या पोलाद कारखान्यातल्या पहिल्या फर्नेसचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी 4 फेब्रुवारी 1959 रोजी केलं. वरून कोक आणि लोहखनिज, खालून तापलेली हवा. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षं पेटतीच ठेवायची. गारठली तर पोटातला रस थिजतो आणि चीफसाहेबांपासून खलाशापर्यंत सगळ्यांचे मूड एकदम सारखे होतात. तेवढीच काय ती समता. 2018 मध्ये सुरू झालेल्या आठ नंबरच्या फर्नेसचं नाव महामाया. देवीचं नाव मिळालं, पण कोपायची मुभा नाही. रजेच्या अर्जातही सीएल आहे, ईएल आहे, ‘मूड नाही’ हा रकाना नाही. नाइट शिफ्टवाला मुकाट्याने स्कूटरला किक मारतो.

जुन्या इंग्रजीत ‘मूडी’ या शब्दाचं रूप ‘मोडिग’ होतं आणि अर्थ होता शूर, बाणेदार. ही माहिती मी भाऊंपासून लपवून ठेवली आहे. तुम्ही कधी इकडे आलात तर तुम्हीही बोलू नका. वहिनी गप्प दिसल्या तर मात्र “आज वहिनी मूडी आहेत” असं सगळ्यांसमोर आदराने म्हणा. आणि चहाची वाट पाहू नका.