निम्मी भिंत

जुन्या शहराच्या वाट्याला दरवाजे आले: भडकल, मकाई, पैठण, रंगीन. आमच्या वाट्याला आलं एन-सेव्हन. नवी मुंबई वसवायला १९७० साली स्थापन झालेली सिडको थोड्याच वर्षांत आमच्या औरंगाबादेतही आली आणि शहराबाहेरच्या माळावर तिनं अक्षरं नि आकडे पेरले. गावाकडच्या पाहुण्याला पत्ता सांगणं म्हणजे बीजगणित शिकवणं. एवढं करूनही तो चुकायचाच, कारण ओळीतली सगळी घरं एकसारखी. तोच ओटा, तीच खिडकी, तोच हिरवा दरवाजा.

एकदा मामा थेट शेजारी शिरले. पाणी प्याले, पाय धुतले, पंख्याखाली टेकले आणि मग म्हणाले, "पोरं कुठं गेली?"

"तुमची पोरं पलीकडच्या घरात, भाऊ," शेजारच्या काकू म्हणाल्या. "आधी चहा घ्या."

दोन घरांत भिंत एकच. निम्मी आमची, निम्मी त्यांची. आम्ही दिवाणखान्यात खिळा ठोकला की तिकडं कालनिर्णय खाली यायचं. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आई आमचा गॅस बंद करायची आणि वरण कच्चं राहिलं की दोष काकूंच्या डाळीला द्यायची. दहावीच्या वर्षी मी पाढे, व्याख्या, सनावळ्या मोठ्यानं घोकल्या, पास झालो तेव्हा काका म्हणाले, "आमचीही तयारी झाली होती."

ओळीत कुणी परभणीचं, कुणी बीडचं, कुणी जालन्याचं, नांदेडचं. कुणी चिकलठाण्याच्या कारखान्यात, कुणी एसटीत, कुणी विद्यापीठात कारकून. गाव सोडून आलेल्या या माणसांनी येताना आमटीचा येसर मसाला मात्र बरोबर आणला होता, आणि प्रत्येकीच्या मते खरा येसर तिच्याच गावचा. निकाल लागावा म्हणून वाट्या फिरायच्या. निकाल कधी लागला नाही. आमची पोटं तेवढी भरली. नळाला पाणी आलं की जो आधी उठेल त्यानं सगळ्या ओळीला हाक मारायची. त्या हाकेला नाव लागत नसे.

पुढं वाळूजकडं कारखाने आले, हातात पैसा आला आणि घरं वेगळी दिसू लागली. कुणी गॅलरी काढली, कुणी ग्रील लावलं, कुणी मजला चढवला. आराखड्यानं सगळ्यांना सारखं केलं होतं; माणसांनी हौसेनं ते दुरुस्त केलं. आता पाहुणा चुकत नाही. गुलाबी घर म्हटलं की पोचतो. फुकटचा चहा मात्र बुडाला.

२००६ मध्ये वसाहतीचा कारभार महापालिकेकडं गेला. घरं आमची, पण खालची जमीन सिडकोनं भाडेपट्ट्यानं दिलेली. ती फ्रीहोल्ड व्हावी, ही मागणी जुनी आणि रास्तही. ज्यानं हप्ते फेडले, त्याला सातबारा नाही तर निदान पूर्ण मालकीचा कागद तरी हवाच. पण माझं बालपण तपासलं तर त्यात पूर्ण मालकीचं काहीच सापडत नाही. भिंत निम्मी, येसर चार गावांचा, झोपमोड सगळ्या ओळीची, आणि रागावायचा हक्क ओळीतल्या प्रत्येक काकूला. जमिनीचा कागद जरूर मिळावा. फक्त तो करताना मोजणीदारानं त्या भिंतीवर टेप धरू नये; तिथं कुणाचं किती, याचा हिशेब आमच्यापैकी कुणालाच देता येणार नाही.